गळक्या कॅपॅसिटरने खराब झालेला जुना अ‍ॅम्प या दुरुस्तीवाल्या काकांकडून दुरुस्त करून घेतला, सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी पाच स्टार देतोय आणि का देतोय ते जरा लांबलचक लिहितोय, कारण जुना अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला देताना नक्की काय विचारायचं हेच बहुतेकांना माहीत नसतं आणि मग "सगळे कॅपॅसिटर बदलले" एवढं ऐकून आपण खूश होऊन घरी येतो.

माझा अ‍ॅम्प सत्तरच्या दशकातला जपानी इंटिग्रेटेड (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प एकाच डब्यात) आहे, वजनाला दणकट, समोर जाड अ‍ॅल्युमिनियमचं पॅनल, आत मोठा ट्रान्सफॉर्मर. डाव्या चॅनलला सतत घूंऽऽ असा आवाज, बेस पातळ झालेला, अधूनमधून खरखर, आणि ऑन केल्यावर स्पीकर जोडणाऱ्या रीलेची टिक कधी लगेच यायची कधी बराच वेळ यायचीच नाही. वरचं कव्हर काढलं तर मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरच्या (पॉवर सप्लायची वीज साठवून सपाट करणारे डबे) बुडाशी तपकिरी चिकट थर, आणि छोट्या कॅपॅसिटरपैकी काहींच्या पायापाशी बोर्ड ओलसर डागाळलेला, तांब्याच्या ट्रॅकवर हिरवट रंग.

हा आधी एका ठिकाणी देऊन झाला होता. तिथे मोठे दोन कॅपॅसिटर बदलून परत दिला, घूं आवाज थोडा कमी झाला आणि काही दिवसांत बाकीचं सगळं होतं तसं सुरू. नंतर यांच्या टेबलवर उघडल्यावर दिसलं की नवे कॅपॅसिटर त्याच जुन्या चिकट थरावर बसवलेले होते, खालचं काहीही पुसलेलं नव्हतं. म्हणजे पार्ट नवा आणि खालची घाण तशीच, ती शांतपणे आपलं काम करत राहिली.

यांच्याकडे काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे आता हा घरी अजिबात लावू नका, आणा तसाच. बराच काळ बंद होता का, पंखा किंवा हवा लागेल अशा जागी होता की बंद कपाटात, वरती दुसरं काही गरम होणारं उपकरण ठेवलेलं होतं का, असे प्रश्न विचारले. मला तेव्हा वाटलं हे कशाला, पण त्याचं कारण त्यांनीच समजावलं. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तोच खरा डायलेक्ट्रिक (करंट अडवणारा थर), आणि दोन फॉइलच्या मधल्या कागदात इलेक्ट्रोलाइट भिजवलेला असतो. तो द्रव आत राहतो तो खालच्या रबराच्या बुचामुळे. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होतं, पायांच्या बाजूने फट पडते, द्रव बाहेर येतो नाहीतर वाफ होऊन निघून जातो. ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशाने वाढलं की आयुष्य निम्मं. त्यामुळे एकाच बोर्डवर हीटसिंकला चिकटून असलेला कॅपॅसिटर मेलेला आणि चार बोटं लांबचा ठणठणीत असं सर्रास असतं. अ‍ॅम्प कपाटात कोंडून ठेवला असेल तर नुकसान कुठे शोधायचं हे त्यांना आधीच कळतं, म्हणून ते प्रश्न.

बऱ्याच जणांना वाटतं की हा तोच "खराब कॅपॅसिटर" वाला प्रकार, ज्याने २००० च्या आसपासचे कॉम्प्युटर मदरबोर्ड फुगून बाद झाले. तो वेगळा. तिथे इलेक्ट्रोलाइटचा फॉर्म्युलाच सदोष होता आणि कॅपॅसिटर नवे असतानाच आत गॅस होऊन फुगायचे. जुन्या अ‍ॅम्पमधले कॅपॅसिटर चांगले होते, ते फक्त म्हातारे झालेत, आणि ते वरून फुगतातच असं नाही, खालून गळतात. वरून छान गुळगुळीत दिसला म्हणून ठीक आहे असं समजू नका.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. त्यांनी भिंग लावून दाखवलं की माझ्या बोर्डवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा उपाय पण वेगळा आहे. मोठ्या कॅपॅसिटरखालचा तपकिरी थर इलेक्ट्रोलाइट नव्हताच, तो फॅक्टरीत लावलेला गोंद! मोठे कॅपॅसिटर हलू नयेत म्हणून तेव्हा बोर्डवर गोंद घालायचे, तो लावताना फिकट पिवळसर असतो, वर्षानुवर्षं गरम होऊन तपकिरी मग काळपट होतो, हवेतली ओल धरतो आणि शेवटी करंट वाहू द्यायला लागतो, शिवाय ज्याला चिकटलाय त्याचे पाय खातो. माझ्या बोर्डवर त्या गोंदात बुडालेल्या एका डायोडचा पाय हात लावताच तुटला. आधीच्या ठिकाणी हाच गोंद "कॅपॅसिटर लीक" म्हणून सांगितला होता. गळती खरी होती ती छोट्या कॅपॅसिटरची, टोन कंट्रोलच्या आणि डाव्या चॅनलच्या ड्रायव्हर बोर्डवर. ओळखायची त्यांची पद्धत सोपी आहे: गोंद नखाने खरवडला की कडक पापुद्रे निघतात आणि तो कॅपॅसिटरच्या बाजूने वर चढलेला असतो, इलेक्ट्रोलाइट मात्र बुडाखाली असतो, ओलसर किंवा सुकलेला डाग, ट्रॅक हिरवा, सोल्डरची चमक गेलेली, आणि तिथे सोल्डरिंग आयर्न टेकवलं की कुजक्या मासळीसारखा वास येतो. तो वास मी स्वतः घेतलाय, एकदा आला की पुढच्या वेळी चुकायचं कारण नाही.

मग साफसफाई, आणि माझ्या मते खरी दुरुस्ती हीच. कॅपॅसिटर बदलणं हे कुणीही हात बसलेला माणूस करेल, पण गळलेला द्रव कुठपर्यंत गेलाय ते शोधून काढणं याला वेळ आणि चिकाटी लागते. तो बोर्डवर पसरतो, शेजारच्या ट्रान्झिस्टरच्या पायाखाली जातो, जंपर वायरच्या कडेने पलीकडे जातो, ट्रॅकवरच्या हिरव्या कोटिंगच्या खाली शिरतो, आणि वरून पुसलं तरी आत राहतो. त्यांनी त्या भागातले नुसते कॅपॅसिटर नाही तर शेजारचे रेझिस्टर, दोन ट्रान्झिस्टर पण काढून बाजूला ठेवले, बोर्ड मोकळा केला, ९९ टक्क्याच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासला, कापड पिवळं व्हायचं थांबेपर्यंत. जिथे हिरवा गंज होता तिथलं कोटिंग फायबरच्या पेनने खरवडून तांबं उघडं केलं, एक ट्रॅक केसाएवढा बारीक उरला होता आणि एक पूर्ण तुटलेला, तिथे तांब्याची तार घालून डाख दिला आणि वरून कोटिंग लावून बंद केलं. गोंद मात्र अल्कोहोलने पूर्ण सुटत नाही, तो लाकडी काडीने आणि प्लास्टिकच्या टोकाने सावकाश खरवडून काढावा लागतो, लोखंडी स्क्रूड्रायव्हर घातला की ट्रॅक उचलला जातो.

जुन्या बोर्डची अडचण अशी की तो कागद आणि फिनॉलिक रेझिनचा असतो, आजच्या ग्लास फायबरसारखा नाही, त्यात तांबं एकाच बाजूला असतं आणि जास्त उष्णता दिली की पॅड (पार्टचा पाय डाखायची तांब्याची चकती) सुटून हातात येतो. त्यात गळक्या जागचं सोल्डर पटकन वितळतच नाही, मग माणूस आयर्न दाबून धरतो आणि पॅड जातो. यांनी आधी फ्लक्स आणि थोडं ताजं ६३/३७ सोल्डर घातलं (ते १८३ अंशाला वितळतं), जुन्यात मिसळू दिलं आणि मग पंपाने ओढलं. आधीच्या ठिकाणी असे काही पॅड उचकटून ठेवले होते, पार्टचा पाय वाकवून जवळच्या ट्रॅकला कसाबसा जोडलेला. ते सुद्धा नीट करून दिलं आणि त्याबद्दल आधीच्यांना नावं ठेवली नाहीत, हे पण मला आवडलं.

साफ करणं एवढं का महत्त्वाचं ते त्यांनी कागदावर गणित करून दाखवलं, मी तेच इथे देतो. समजा ४५ व्होल्टच्या सप्लाय ट्रॅकपासून इनपुट ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायापर्यंत सुकलेल्या इलेक्ट्रोलाइटची वाट तयार झाली आणि तिचा रेझिस्टन्स १० मेगाओहम आहे. ऐकायला १० मेगाओहम म्हणजे काहीच नाही. पण बेसपासून ग्राउंडला ४७ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर तिथे साधारण ०.२ व्होल्ट उभे राहतात, आणि अशा डिझाइनमध्ये डीसी गेन साधारण एक ठेवलेला असल्यामुळे (म्हणजे स्थिर व्होल्टेज वाढवलं जात नाही) तेवढेच स्पीकरच्या टर्मिनलवर येतात, यालाच ऑफसेट म्हणतात. ते ३० ते ५० मिलिव्होल्टच्या आत असायला हवेत! माझ्या डाव्या चॅनलचं रीडिंग साफसफाईच्या आधी २१० मिलिव्होल्ट होतं (हे त्यांनी स्पीकर न लावता, सिरीज बल्बवर एकदाच घेतलं, तो प्रकार पुढे सांगतो), आणि प्रोटेक्शन सर्किटला एवढ्याने फरक पडत नाही, रीले बसतो, गाणं वाजतं, स्पीकरचा कोन मात्र कायम थोडा पुढे किंवा मागे ढकललेला राहतो. कॅपॅसिटर कितीही भारी घाला, ती वाट बोर्डवर राहिली तर ऑफसेट राहणारच. नुसत्या साफसफाईनंतर आणि त्याच जुन्या ट्रान्झिस्टरवर तो बराच खाली आला होता, शेवटी सगळं झाल्यावर ८ मिलिव्होल्ट.

पार्टच्या निवडीबद्दल. इथे मी थोडा हट्टी होतो, मला सगळीकडे एल्ना सिल्मिक कॅपॅसिटर हवे होते, ते तपकिरी रंगाचे, ज्यांच्या आतल्या कागदात रेशमाचे तंतू असतात, आवाज मऊ होतो म्हणतात. काकांनी नाही म्हटलं नाही पण प्रत्येक जागेचं काम वेगळं आहे हे समजावलं. पॉवर सप्लायमध्ये १०५ अंशाचे, लो ईएसआर (म्हणजे आतला रेझिस्टन्स कमी असलेले), जास्त तास टिकणारे, तिथे पॅनासॉनिक एफआर आणि निचिकॉनची पीडब्ल्यू सिरीज. सिग्नलच्या वाटेवर जिथे १ किंवा २.२ मायक्रोफॅरडचे छोटे इलेक्ट्रोलिटिक होते तिथे फिल्म कॅपॅसिटर, कारण ते सुकत नाहीत, गळत नाहीत, विषय कायमचा संपला. जिथे फिल्म मापाने बसत नव्हता तिथे निचिकॉनचे लो लीकेज (आतून करंट कमी झिरपू देणारे) वाले. सिल्मिक दोन जागी घातले, माझ्या समाधानासाठी म्हणा, तिथे जागा होती आणि नुकसान काही नव्हतं. व्होल्टेज रेटिंग मूळच्यापेक्षा एक पायरी वर घेतलं तर चालतं, ५० च्या जागी ६३, आणि आजचे कॅपॅसिटर जुन्यापेक्षा लहान असल्यामुळे ते बसतातही. पण मोठ्या फिल्टरची व्हॅल्यू त्यांनी वाढवू दिली नाही. १०,००० मायक्रोफॅरडच्या जागी २२,००० घातले तर बेस वाढतो असं खूप जण सांगतात, प्रत्यक्षात ऑन करताना रेक्टिफायर, फ्यूज आणि पॉवर स्विचवर करंटचा झटका वाढतो, आणि तो स्विच आता कुठे मिळणार?

जुने काढलेले सगळे कॅपॅसिटर मीटरवर घालून माझ्यासमोर मोजले. गंमत अशी की एक-दोन गळके कॅपॅसिटर साध्या मीटरवर लिहिलेल्यापेक्षा जास्त व्हॅल्यू दाखवत होते, म्हणजे बघणारा म्हणेल वा, एकदम मजबूत. ते मजबूत नसतात, आतून लीकेज असलं की साधा मीटर फसतो. ईएसआर आणि लीकेज बघितल्याशिवाय कॅपॅसिटर चांगला असं म्हणू नये, हे ज्यांच्याकडे फक्त मल्टिमीटर आहे त्यांनी नक्की लक्षात ठेवा.

खरखर मात्र कॅपॅसिटरची नव्हती. ती निघाली २एससी४५८ नावाच्या छोट्या ट्रान्झिस्टरमधून, त्या काळच्या खूप अ‍ॅम्पमध्ये असतात, चांदीचा मुलामा दिलेले पाय काळे पडतात आणि वयाने आवाज करायला लागतात. त्यांच्या जागी केएससी१८४५ घातले, पायांचा क्रम डेटाशीटवर बघून, चारही सारखे मोजून जुळवलेले. यासाठी त्यांनी मला आधी फोन करून विचारलं, कामात हे धरलेलं नव्हतं, करू का म्हणून. न विचारता करून बिलात लावलं असतं तरी मी दिलं असतं, पण विचारलं.

पुन्हा सुरू करण्याची पद्धत पण सांगतो कारण इथे घाई करून लोक आउटपुट ट्रान्झिस्टर उडवतात. थेट मेन्सला लावलाच नाही. सिरीजमध्ये बल्ब, आधी कमी वॅटचा, अ‍ॅम्प त्याच्या पुढे. ऑन केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला म्हणजे फिल्टर कॅपॅसिटर चार्ज झाले आणि पुढे शॉर्ट नाही, उजळलेलाच राहिला तर लगेच बंद. मग दोन्ही बाजूचे सप्लाय व्होल्टेज सारखे आहेत का, मग ऑफसेट, आणि मग पूर्ण मेन्सवर बायस, म्हणजे गाणं चालू नसताना आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा ठरलेला करंट. आमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ०.४७ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट लिहिलंय, म्हणजे साधारण २१ मिलिअँपिअर. जुने उघडे ट्रिमर (बायस लावायचे छोटे फिरवायचे रेझिस्टर) बदलून बंद सरमेटचे मल्टिटर्न घातले, कारण बऱ्याच डिझाइनमध्ये ट्रिमरचा सरकता कॉन्टॅक्ट एक क्षण सुटला तरी बायस एकदम वर जातो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. बायस थंड असताना लावून सोडला नाही, अर्धा तास गरम होऊ दिला आणि परत लावला. दुसऱ्या दिवशी परत बघितला. नंतर स्पीकरऐवजी ८ ओहमचा डमी लोड लावून स्कोपवर (सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र) १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह, दोन्ही चॅनल वर-खाली सारखेच कापले जातात का ते. हे सगळं होईपर्यंत स्पीकर लावलेच नव्हते.

एक सुरक्षेची गोष्ट. मोठे फिल्टर डिस्चार्ज करायला त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडली नाही, १ किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून मिनिटभर थांबले आणि मीटरवर व्होल्टेज बघूनच हात घातला. १०,००० मायक्रोफॅरड असेल तर १० सेकंदांचा टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज साधारण एक तृतीयांशावर यायला लागणारा वेळ) येतो, तेव्हा मिनिटभर थांबणं बरोबरच आहे. घरी स्वतः उघडणाऱ्यांनी निदान एवढं तरी करा, प्लग काढलेला असला तरी आत जीव असतो.

काम झाल्यावर एक कागद मिळाला, त्यावर कुठला पार्ट नंबर, जुनी मोजलेली व्हॅल्यू, नवा कुठला घातला, ऑफसेट आणि बायस आधी आणि नंतर, दोन्ही चॅनलचे. काढलेले पार्ट पिशवीत घालून परत. ट्रॅक दुरुस्त केलेल्या जागांचे फोटो आधीचे-नंतरचे. हा कागद पुढे कुणीही उघडेल त्याला उपयोगी पडणार आहे, आणि खरं सांगायचं तर हे मागितल्याशिवाय देणारे मला दुसरे भेटलेले नाहीत.

आवाजाबद्दल मी उगाच पडदा बाजूला झाला वगैरे लिहिणार नाही. घूं आवाज पूर्ण गेला, स्पीकरला कान लावला तरच हलकीशी हिस येते. बेस भरला, कारण सिग्नल पुढे नेणाऱ्या कपलिंग कॅपॅसिटरची व्हॅल्यू उतरली की खालच्या फ्रिक्वेन्सीच कापल्या जातात, ते आता होत नाही. डावं-उजवं सारखं झालं, गाणारा माणूस बरोबर मध्ये उभा राहतो, आणि हा फरक मला सगळ्यात जास्त जाणवला. रीलेची टिक आता दर वेळी ठरलेल्या वेळेला येते. टायमिंग ठरवणारा छोटा कॅपॅसिटर गळका होता म्हणून ते अनियमित होतं, आणि रीलेच आता नवा आहे. जुन्याचे कॉन्टॅक्ट घासून चालवता आले असते पण त्यांनी ते केलं नाही, चांदीचा थर घासला की पुढे लवकर जळतात म्हणाले.

उणी बाजू पण लिहायला हवी. एक, वेळ लागतो, आणि मधल्या काळात स्वतःहून कळवत नाहीत, फक्त काही नवीन निघालं तर फोन. घाई असेल तर जाऊ नका. दोन, मजुरी पार्टच्या किमतीच्या मानाने खूप जास्त वाटेल. मला ती योग्य वाटते कारण साफसफाईचे तास त्यात आहेत, पण बिल बघून "कॅपॅसिटर तर स्वस्त असतात" असं वाटणारे नाराज होतील, तेव्हा आधीच अंदाज विचारा, ते लिहून देतात. तीन, समोरच्या पॅनलकडे लक्ष कमी. व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट कॉन्टॅक्ट क्लीनरने उत्तम केले पण डायलमागचा दिवा बदलताना रंगाचा विचार केला नाही, मूळचा पिवळसर होता, आता पांढरा दिसतो. सांगितल्यावर बदलून देतो म्हणाले, मीच अजून नेलेला नाही. आणि ट्रान्सफॉर्मर जळालेले किंवा आउटपुटचे मूळ ट्रान्झिस्टर कुठेच मिळत नाहीत असे सेट ते तपासून स्पष्ट नाही सांगतात, बाजारातले बनावट घालून देत नाहीत.

देताना सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर सोबत द्या, खूप वेळ वाचतो. आधी कुठे काम झालं असेल तर लपवू नका, काय काय बदललंय ते सांगा. आणि नेताना अ‍ॅम्प आडवाच ठेवा, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा कोपरा जड असतो, तो खाली आपटला की बोर्डला तडा जातो आणि मग ते वेगळंच काम निघतं.